जोनाथन बाउचर आणि त्याची वॉशिंग्टनला पत्रं: एका राजनिष्ठ पाद्र्याची केस

६ ऑगस्ट १७७५ चं एक पत्र आहे. लिहिणारा जोनाथन बाउचर, मेरीलँडमधला चर्च ऑफ इंग्लंडचा (म्हणजे अँग्लिकन) पाद्री, आणि ज्याला लिहिलंय तो जॉर्ज वॉशिंग्टन, जो तेव्हा महिनाभरापूर्वीच बॉस्टनजवळच्या केंब्रिजला पोचून बंडखोर सैन्याचा सेनापती म्हणून कामाला लागला होता. पत्राचा शेवट फार कडक आहे. तुम्ही आता माझ्या मैत्रीच्या लायकीचे राहिला नाहीत, इज्जतदार माणसाला तुमच्याशी संबंध ठेवणं शोभत नाही, तुमच्या पक्षाबरोबर मी तुम्हालाही सोडतो, अशा अर्थाची वाक्यं आहेत. महिन्याभरात बाउचर बायकोला घेऊन इंग्लंडला निघून गेला आणि परत कधीच आला नाही.

अमेरिकन क्रांतीवर लिहिताना हे पत्र बहुतेक जण एका ओळीत उरकतात, की बघा एक टोरी पाद्री होता, राजाचा माणूस, त्याने वॉशिंग्टनला शिव्या घातल्या आणि पळाला. मला हे पटत नाही. कारण या पत्राच्या मागे सात वर्षांची पत्रं आहेत आणि ती वाचली की दिसतं की बाउचरची तक्रार राजा, पार्लमेंट, टॅक्स याबद्दल नंतर आहे, आधी ती एका शेजाऱ्याबद्दल आहे ज्याचा शब्द सगळा इलाका ऐकत होता आणि जो वेळेला काही बोलला नाही. ही केस मी त्या बाजूने मांडतोय.

आधी माणूस कोण ते बघू. बाउचर १७३८ मध्ये इंग्लंडच्या उत्तरेला, कंबरलँडमधल्या ब्लेनकोगो नावाच्या खेड्यात जन्मला. घरची परिस्थिती बेताची. १७५९ मध्ये व्हर्जिनियातल्या पोर्ट रॉयलला एका घरात मुलांना शिकवायला म्हणून आला. पाद्री व्हायचं ठरवून आला नव्हता, ते इथे आल्यावर ठरलं, आणि त्यासाठी त्याला परत समुद्र ओलांडून लंडनला जावं लागलं, कारण अमेरिकेतल्या वसाहतींमध्ये अँग्लिकन चर्चचा एकही बिशप नव्हता आणि बिशपच्या हाताशिवाय दीक्षा मिळत नाही. १७६२ मध्ये दीक्षा घेऊन तो परत आला. ही दीक्षा घेताना राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागते, कारण या चर्चचा प्रमुखच राजा. हे लक्षात ठेवा कारण पुढे सगळं याच्यावर अडतं. बाकीच्या लोकांना १७७५-७६ मध्ये बाजू बदलायची म्हणजे मत बदलायचं होतं, अँग्लिकन पाद्र्याला देवासमोर घेतलेली शपथ मोडायची होती, आणि दर रविवारी प्रार्थनेच्या पुस्तकात राजासाठीची प्रार्थना समोर छापलेली होतीच.

व्हर्जिनियात पाद्र्याचा पगार तंबाखूत असायचा, वर्षाला १६,००० पौंड (वजनाचे) तंबाखू. तेवढ्यात भागत नाही म्हणून बाउचरने मुलांची शाळा चालवली, मोठ्या जमीनदारांची पोरं त्याच्याकडे राहून शिकायची. त्याच्याकडे गुलाम होते. आणि हाच माणूस गुलामांना शिकवायचा, त्यांना बाप्तिस्मा द्यायचा, १७६६ च्या ईस्टर मंडेला एकाच दिवशी ३१३ जणांना बाप्तिस्मा दिल्याचं त्याने नंतर लिहून ठेवलंय, गुलामगिरीवर प्रवचनात टीकाही केली, पण गुलाम ठेवणं सोडलं नाही. मी त्याची बाजू मांडतोय म्हणून हे लपवणार नाही.

आता पत्रं. ३० मे १७६८ ला वॉशिंग्टनने बाउचरला विचारलं की माझ्या सावत्र मुलाला तुमच्या शाळेत घ्याल का. हा मुलगा म्हणजे जॅकी कस्टिस, मार्था वॉशिंग्टनचा पहिल्या नवऱ्यापासूनचा मुलगा, वय साधारण १४. ते पत्र वाचताना सेनापती वगैरे कोणी दिसत नाही, काळजीत पडलेला पालक दिसतो. मुलगा हुशार आहे, वळण चांगलं आहे, दोन वर्षं व्हर्जिल हा लॅटिन कवी वाचतोय, ग्रीक बायबलला हात घातलाय. सोबत घरकाम येणारा एक पोरगा देतो, म्हणजे गुलाम, आणि चर्चला वगैरे जायला दोन घोडे. त्याच्या पलंगाची सोय तिकडेच विकत घेऊन होईल का म्हणजे इथून वाहून आणायला नको. आणि वर्षाला दहा-बारा पौंड जादा आनंदाने देईन पण याच्यावर खास लक्ष ठेवा, कारण घराण्यातला हा शेवटचा मुलगा, याच्या नावावर प्रचंड इस्टेट येणार आहे, आणि हा नुसता घोड्यांच्या शर्यती लावणारा होऊ नये एवढीच इच्छा.

बाउचरने मुलाला घेतलं. १७७० मध्ये बाउचर मेरीलँडच्या राजधानीत, अ‍ॅनॅपोलिसला सेंट अ‍ॅन्स चर्चचा पाद्री झाला तर जॅकीही त्याच्यामागे तिकडे गेला. आणि तिथे घोटाळा सुरू झाला कारण अ‍ॅनॅपोलिस म्हणजे नाटकं, नाच, शर्यती, आणि खिशात पैसा असलेला सोळा वर्षांचा मुलगा. १६ डिसेंबर १७७० ला वॉशिंग्टन लिहितो की याचं मन अभ्यासातून उडालंय, कुत्रे घोडे आणि बंदुका यातच जास्त आहे, याला तुमच्या नजरेसमोर ठेवा, रात्री कुठे भटकू देऊ नका. दोनच दिवसांनी, १८ तारखेला, बाउचरचं उत्तर. पालकाला इतकं खरं उत्तर देणारा मास्तर आजही मिळणार नाही. तो सरळ सांगतो की इतका आळशी आणि इतका सुखलोलुप मुलगा मी आयुष्यात पाहिला नाही, निसर्गाने याला एखादा आशियाई राजपुत्र म्हणूनच घडवायला घेतलं होतं असं वाटावं. (आशियाबद्दलचं त्यांचं मत काय होतं ते यात आलंच.) पण त्याच पत्रात तो मुलाची बाजूही घेतो, की स्वभावाने वाईट नाहीये, आणि एवढी इस्टेट वाट बघत असताना कोणता मुलगा पुस्तकात डोकं घालेल.

१७७१ च्या वसंतात जॅकीला देवी टोचल्या, बाल्टिमोरला. तेव्हा देवी टोचणं म्हणजे आजची लस नव्हे, खऱ्या देवीचाच पू कातडीत घालायचा आणि सौम्य आजार येऊन जाईल अशी आशा ठेवायची, माणूस दगावू शकायचा. मार्था मुलांच्या बाबतीत फार घाबरट होती म्हणून ठरलं की सगळं पार पडेपर्यंत तिला काही कळू द्यायचं नाही. ही व्यवस्था बाउचरने सांभाळली. म्हणजे विचार करा, घरातल्या बाईपासून लपवलेली, मुलाच्या जिवाशी खेळ असलेली गोष्ट वॉशिंग्टनने ज्याच्यावर सोपवली तो हा माणूस. युरोपच्या मोठ्या प्रवासाचाही प्लॅन होता, जॅकीला घेऊन बाउचरने जायचं असा, पण वॉशिंग्टनला तो खर्च जड वाटला आणि ते बारगळलं. १७७३ मध्ये जॅकीने पालकाला न विचारता नेली कॅल्व्हर्टशी लग्न ठरवून टाकलं, मग त्याला न्यूयॉर्कच्या किंग्ज कॉलेजला पाठवलं, तिथून तो काही महिन्यांत परत आला आणि फेब्रुवारी १७७४ मध्ये लग्न करून मोकळा झाला. त्या कॉलेजचा प्रमुख मायल्स कूपर, तोही राजनिष्ठ अँग्लिकन पाद्री, आणि १० मे १७७५ च्या रात्री जमावापासून वाचायला अर्ध्या कपड्यात पळाला. जॅकीचे दोन्ही गुरू असे एकाच वर्षी देशोधडीला लागले.

या सगळ्या काळात बाउचर राजाचा आंधळा भक्त होता का, तर नाही, आणि इथे पत्रांचं महत्त्व कळतं. इंग्लंडमध्ये रेव्हरंड जॉन जेम्स नावाचे त्याचे जुने गुरू-मित्र होते, त्यांना तो वर्षानुवर्षं मोकळेपणाने लिहायचा. १७६५ मध्ये स्टॅम्प अ‍ॅक्ट आला, म्हणजे वसाहतींतल्या छापील कागदांवर पार्लमेंटने कर बसवला, तेव्हा त्याने जेम्सना लिहिलंय की हा कायदा जुलमी आहे, मूर्खपणाचा आहे आणि बेकायदाही आहे. जवळपास हेच शब्द बॉस्टनचे लोक वापरत होते. पण त्याच्या आठवणी, ज्या त्याने १७८० च्या दशकात इंग्लंडमध्ये बसून लिहिल्या आणि ज्या पुस्तकरूपात १९२५ मध्ये आल्या, त्या वाचल्या तर तो कायमच ठाम राजनिष्ठ होता असं वाटत राहतं. १७९७ मध्ये त्याने अमेरिकेत दिलेली १३ प्रवचनं छापली, त्यांच्याबद्दलही अभ्यासकांना शंका आहे की छापताना त्यांच्यावर बराच हात फिरवलाय. त्यात वाईट काही नाही, सगळं गमावलेला माणूस मागे वळून बघतो तेव्हा सगळं आधीपासून ठरलेलंच होतं असं त्याला दिसतं. म्हणून मी म्हणतो की अशा माणसाला समजून घ्यायचं तर आठवणी नंतर वाचा, पत्रं आधी, कारण पत्र लिहिताना त्याला पुढे काय होणार हे माहीत नव्हतं.

मग तो बदलला कधी आणि का? याचं उत्तर लंडनच्या राजकारणात शोधण्याआधी मेरीलँडच्या तंबाखूत शोधावं असं मला वाटतं.

मेरीलँडमध्ये अँग्लिकन पाद्र्याचा पगार डोईपट्टीतून यायचा. प्रत्येक करपात्र माणसामागे ठराविक पौंड तंबाखू, मग तो माणूस अँग्लिकन असो, कॅथलिक असो, क्वेकर असो. आधी ४० पौंड होते, १७६३ च्या कायद्याने ३० झाले. १७७० मध्ये त्या कायद्याची मुदत संपली आणि विधिमंडळात नव्या कायद्यावर एकमत होईना, तेव्हा पाद्री म्हणायला लागले की आता १७०२ चा जुना कायदा लागू, म्हणजे परत ४०. लोक भडकले. विल्यम पाका आणि सॅम्युअल चेस या वकिलांनी मुद्दा काढला की १७०२ चा कायदाच मुळात रद्दबातल आहे, म्हणजे पाद्र्यांना काहीच द्यायला नको. त्यांना पेपरमधून उत्तर देणारा कोण, तर बाउचर. गव्हर्नर रॉबर्ट ईडनशी त्याची जवळीक होती, त्या बाजूचं लिखाणही तो करायचा. वर वसाहतींना स्वतःचा बिशप हवा असा त्याचा आग्रह, आणि बिशप आला म्हणजे आणखी कर आणि चर्चची कोर्टं येणार ही लोकांना भीती. १७७३ मध्ये तंबाखू ३० पौंडावर येऊन भांडण मिटलं, पण बाउचरचं नाव लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. चेस आणि पाका दोघांनी पुढे १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. म्हणजे ज्या लोकांशी बाउचर पगारावरून भांडला तेच लोक दोन वर्षांत क्रांतीचे पुढारी झाले, आणि त्याला क्रांतीत त्याचे जुने वैरीच दिसले. वॉशिंग्टनला लिहिलेल्या शेवटच्या पत्रात हे काही येत नाही. पण लोक त्याच्यावर इतके का चिडले होते हे यातून नीट कळतं, नाहीतर असं वाटतं की नुसत्या मतांवरून छळ झाला.

१७७१ च्या शेवटी तो अ‍ॅनॅपोलिस सोडून प्रिन्स जॉर्जेस काउंटीतल्या क्वीन अ‍ॅन पॅरिशला (पॅरिश म्हणजे एका चर्चचा इलाका) गेला, १७७२ मध्ये एलिनॉर अ‍ॅडिसनशी लग्न केलं, ती पोटोमॅकच्या काठच्या मोठ्या जमीनदार घराण्यातली. डिसेंबर १७७३ मध्ये बॉस्टन बंदरात करावरून भडकलेल्या लोकांनी ईस्ट इंडिया कंपनीचा चहा पाण्यात फेकला, मग ब्रिटिशांनी बॉस्टन बंदर बंद केलं, मग पहिली काँग्रेस, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा, आणि गावोगावी कमिट्या. कमिट्यांचं काम म्हणजे कोण ब्रिटिश माल घेतो, कोण सही करत नाही, कोण काय बोलतो यावर नजर ठेवायची. वाचकांना काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो, आपल्याकडे त्याच १७७५ च्या मार्चमध्ये रघुनाथराव मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह करत होते.

बाउचर गप्प बसणाऱ्यातला नव्हता. त्याच्याच आठवणीत आहे की सहा महिन्यांहून जास्त काळ तो पुलपिटच्या (प्रवचनाच्या व्यासपीठाच्या) उशीवर भरलेली दोन पिस्तुलं ठेवून प्रवचन द्यायचा, आणि आधीच जाहीर केलं होतं की मला ओढून काढायचा कोणी प्रयत्न केला तर बळाला बळाने उत्तर देईन. १७७५ च्या मे महिन्यात वसाहतीने सामूहिक उपवासाचा दिवस जाहीर केला. बाउचर चर्चला पोचला तर तिथे ऑस्बर्न स्प्रिग, त्या भागातला बंडखोरांचा पुढारी, आपली साधारण २०० हत्यारबंद माणसं घेऊन उभा. बाउचर एका हातात प्रवचनाचे कागद आणि दुसऱ्या हातात पिस्तूल घेऊन पुलपिटकडे निघाला तेव्हा एका मित्राने त्याला मागे खेचलं, सांगितलं की तू वर चढलास की गोळ्या घालायच्या असा वीस जणांना हुकूम आहे. जमावाने घेरलं. तेव्हा त्याने सरळ स्प्रिगची कॉलर धरली, पिस्तूल रोखलं आणि सांगितलं की कोणी हात लावला तर याचं डोकं उडवतो, आणि तसाच त्याला धरून घोड्यापर्यंत गेला. स्प्रिगने ढोलवाल्यांना चोरांना हाकलताना वाजवतात ती धून वाजवायला लावली. पुढच्या रविवारी बाउचर परत गेला आणि तेच प्रवचन दिलं.

हा प्रसंग आपल्याला फक्त त्याच्याच तोंडून माहीत आहे, आणि तोही दहा-बारा वर्षांनी लिहिलेला, म्हणून त्यातला रंग थोडा कमी करून वाचावा. तरी धमक्या खऱ्या होत्या यात मला शंका नाही, कारण इतर वसाहतींतल्या पाद्र्यांची त्या काळातली पत्रं तेच सांगतात.

त्याच महिन्याच्या सुरुवातीला अजून एक गोष्ट घडली होती आणि माझ्या मते या केसमध्ये सगळ्यात जास्त बोलणारी तीच. वॉशिंग्टन दुसऱ्या काँग्रेससाठी फिलाडेल्फियाला निघाला होता, ४ मेला त्याने माउंट व्हर्नन हे आपलं घर सोडलं. पोटोमॅक ओलांडताना समोरून बाउचरची बोट येत होती, बायको आणि अ‍ॅडिसन मंडळी बरोबर. बोटीतल्या काही लोकांनी वॉशिंग्टनच्या नावाने जयजयकार केला, बाउचर आणि अ‍ॅडिसनने नुसत्या टोप्या काढल्या. वॉशिंग्टनने हात करून थांबवलं, हस्तांदोलनासाठी. त्या दोन मिनिटांत बाउचरने त्याला सांगितलं की यातून यादवी युद्ध होणार आणि हे लोक स्वातंत्र्य जाहीर करणार. वॉशिंग्टनने ते उडवून लावलं, म्हणाला मी असल्या गोष्टीत सामील झालो असं कधी ऐकलंत तर मला वाटेल तेवढा दुष्ट समजा. बाउचर पुढे लिहितो की तो हे मनापासून बोलला याबद्दल मला शंका नाही. हे महत्त्वाचं आहे, कडवट झालेला माणूससुद्धा इथे समोरच्यावर खोटेपणाचा आरोप करत नाही.

मग जून उजाडला, वॉशिंग्टन सेनापती झाला. २६ जुलैला मेरीलँडच्या कन्व्हेन्शनने (बंडखोरांच्या प्रांतिक सभेने) असोसिएशनचा करारनामा काढला, सगळ्या मोकळ्या माणसांनी सही करायची. सही म्हणजे हत्याराने विरोध करायला मान्यता. शपथ घेतलेल्या पाद्र्याला ती करता येत नव्हती. आणि दहा-अकरा दिवसांत ते ६ ऑगस्टचं पत्र.

पत्रात बाउचर मतभेदाबद्दल फार वेळ घालवत नाही. मतं वेगळी असू शकतात हे तो मान्य करतो. त्याचं म्हणणं असं की कुठल्या टोरीने कुठल्या व्हिगला (व्हिग म्हणजे बंडाच्या बाजूचा) केवळ तो व्हिग आहे म्हणून त्रास दिल्याचं एक उदाहरण दाखवा, आणि उलट बघा, व्हिगच्या तावडीत सापडलेला टोरी सुटत नाही. आणि तुम्ही, ज्यांनी स्वतः कोणाला त्रास दिला नाही हे मला माहीत आहे, तुम्ही हे होताना पाहिलंत आणि अडवलं नाहीत. माझी सगळी केस इथे येऊन थांबते. त्याचा पहिला दावा एकतर्फी आहे, टोरींच्या हातात सत्ता होती तिथे त्यांनीही पुढे कमी केलं नाही, पण दुसरा दावा मला अजून खोडता येत नाही. ज्याच्या शब्दाला त्या भागात इतकं वजन होतं त्याने एक ओळ कमिटीला लिहिली असती, की हा माणूस माझ्या घरच्या मुलाचा सात वर्षं ओळखीचा मास्तर आहे, याला सुखरूप जाऊ द्या, तर काय बिघडलं असतं?

वॉशिंग्टनच्या बाजूनेही बोलायला हवं. तो तेव्हा केंब्रिजमध्ये, समोर ब्रिटिश फौज, हाताखाली गावठी सैन्य, दारूगोळ्याची बोंब. मेरीलँडच्या एका काउंटीत कोणाला काय होतंय हे बघायला त्याला फुरसत नव्हती हे खरं, आणि सेनापतीने दुसऱ्या वसाहतीच्या कारभारात बोट घालायचं नाही हेही तो कटाक्षाने पाळायचा. पण बाउचरची तक्रार नुसती त्या उन्हाळ्याची नाहीये, कमिट्यांचं राज्य १७७४ पासून होतं आणि तेव्हा वॉशिंग्टन नदीपलीकडेच होता. मला तरी त्या बाबतीत पाद्र्याचं पारडं जड वाटतं.

ही केस एकट्याची नाही म्हणून अजून दोघांचा उल्लेख करतो. न्यूयॉर्कच्या ट्रिनिटी चर्चचा चार्ल्स इंग्लिस, याने ३१ ऑक्टोबर १७७६ ला लंडनच्या मिशनरी सोसायटीला लांबलचक पत्र लिहिलं. त्यात आहे की वॉशिंग्टन न्यूयॉर्क शहरात असताना त्याच्या एका जनरलने निरोप पाठवला, सेनापती चर्चला येणार आहेत, राजासाठीच्या कडक प्रार्थना वगळा. इंग्लिसने वगळल्या नाहीत, आणि नंतर त्या जनरलला भेटला तेव्हा सांगितलं की चर्चं बंद करणं तुमच्या हातात आहे, पण पाद्र्यांना कर्तव्यापासून हटवणं नाही. जनरलने ओशाळून कशीबशी माफी मागितली, आणि तो निरोप वॉशिंग्टनच्या सांगण्यावरून नव्हता असं इंग्लिसला वाटलं. दुसरा प्रसंग, साधारण १५० हत्यारबंद माणसं ढोल आणि बासरी वाजवत, संगिनी लावून चर्चमध्ये शिरली, बायका बेशुद्ध पडल्या, इंग्लिस प्रार्थना म्हणत राहिला. १७८७ मध्ये हा नोव्हा स्कोशियाचा पहिला बिशप झाला.

दुसरा फिलाडेल्फियाचा जेकब ड्यूशे. याची गोष्ट उलटी. सप्टेंबर १७७४ मध्ये काँग्रेसपुढे पहिली प्रार्थना यानेच म्हटली, जुलै १७७६ मध्ये पुस्तकातून राजाची प्रार्थना काढून टाकली, आणि ब्रिटिशांनी शहर घेऊन त्याला एक रात्र आत टाकल्यावर ८ ऑक्टोबर १७७७ ला वॉशिंग्टनला पत्र लिहिलं की काँग्रेसला स्वातंत्र्याचा ठराव मागे घ्यायला लावा. वॉशिंग्टनने ते पत्र काँग्रेसकडे पाठवून दिलं आणि ड्यूशेची अब्रू गेली. ड्यूशेच्या १७७५ च्या स्वातंत्र्यावरच्या प्रवचनाला उत्तर म्हणूनच बाउचरने, बायबलमधलं तेच वचन घेऊन, आपलं सगळ्यात गाजलेलं प्रवचन दिलं, की राजसत्तेला आज्ञापालन हे ख्रिस्ती माणसाचं कर्तव्य. त्यातला युक्तिवाद मला अजिबात पटत नाही. प्रजेला जुलूम झाला तरी प्रतिकाराचा हक्कच नाही हे मानलं तर जगातला कुठलाच देश स्वतंत्र झाला नसता. पण तो वारा बघून बोलला नाही, आणि ड्यूशेशेजारी त्याला ठेवून बघितलं की त्याच्याबद्दलचा आदर वाढतो.

पुढचं थोडक्यात. सप्टेंबर १७७५ मध्ये बाउचर निघाला, त्याची मालमत्ता मेरीलँड सरकारने जप्त केली. जॅकी कस्टिस यॉर्कटाउनच्या, म्हणजे या युद्धातल्या शेवटच्या मोठ्या, वेढ्यात छावणीतल्या तापाने आजारी पडून ५ नोव्हेंबर १७८१ ला गेला, वय २६. एलिनॉर १७८४ मध्ये इंग्लंडमध्ये वारली. १७८५ पासून बाउचर एप्सम गावचा पाद्री, तिथेच १८०४ मध्ये मेला. उतारवयात तो जुन्या आणि बोलीभाषेतल्या इंग्रजी शब्दांचा मोठा कोश करत होता, तो अपुरा राहिला. आठवणींमध्ये त्याने वॉशिंग्टनबद्दल फारसं चांगलं लिहिलेलं नाही, की याचं शिक्षण म्हणजे बापाने विकत घेतलेल्या एका कैदी नोकराने शिकवलेलं लिहिणं-वाचणं आणि हिशेब, एवढंच. व्हर्जिल आणि ग्रीकबद्दल सात वर्षं ज्याच्याशी पत्रव्यवहार केला त्याच्याबद्दल असं लिहिणं हा राग आहे, त्याला पुरावा म्हणून वापरू नये.

आणि मग १७९७. ती १३ प्रवचनं छापताना बाउचरने पुस्तक अर्पण केलं ते जॉर्ज वॉशिंग्टनला. अर्पणपत्रिकेत म्हटलंय की मी एकेकाळी तुमचा शेजारी आणि मित्र होतो, आपल्या देशांच्या भांडणात आपलंही तुटलं, पण मी तुमचा राजकीय शत्रू सोडून कधीच काही नव्हतो आणि तो रागही केव्हाच निवला. १५ ऑगस्ट १७९८ ला वॉशिंग्टनने माउंट व्हर्ननहून उत्तर दिलं. अर्पणाबद्दल आभार मानले, सरळ सांगून टाकलं की पुस्तक अजून वाचलेलं नाही त्यामुळे त्यातल्या राजकारणावर मत देता येत नाही, पण दोन्ही देशांत सलोखा असावा अशी इच्छा माझ्याइतकी कोणाला नसेल. कमिट्यांबद्दल, १७७५ बद्दल एक अक्षर नाही. वॉशिंग्टनची सवय बघता यापेक्षा जास्त अपेक्षाही नव्हती.

कोणाला मुळातून वाचायचं असेल तर वॉशिंग्टनचा पत्रव्यवहार अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या फाउंडर्स ऑनलाइनवर फुकट आहे, बाउचरच्या नावाने शोधलं की जॅकीबद्दलची पत्रं तारखेनुसार मिळतात. डिसेंबर १७७० ची ती दोन पत्रं आधी घ्या, मग १७७१ ची देवीबद्दलची, आणि मग १७७५ चं पत्र. इंग्रजी जुनं आहे, वाक्यं लांब आहेत, पण दोन-चार पत्रांनंतर सवय होते.